भोंग्यातला बिघाड

ती. इल्सूनताईस,

धाकट्या मालसूनचा कमरेतून वाकून नमस्कार. (जमिनीला कपाळ टेकूनच करायला हवा, पण एकदा खाली गेले की मला वर आणायला दोन माणसं लागतात, आणि घरात आमच्या मिन्च्योलचे बाबा एकटेच.) तुझा गुडघा काय म्हणतो? बुसानची दमट हवा सांध्यांना सोसते का? भावोजी अजून पहाटे गळ घेऊन धक्क्यावर जाऊन बसतात का? सगळं कळव. आम्ही इकडे मजेत आहोत. मिरच्या यंदा चांगल्या वाळल्या, एक दिवस सोडून. त्या एका दिवसाबद्दलच लिहायचं आहे. दोन महिने मी तुझा फोन उचलला नाही, त्याचा तुला राग आला असेल. राग रास्त आहे, पण आधी ऐकून घे.

तुला ठाऊकच आहे, सहा वर्षं मी गावप्रमुख आहे आणि सहा वर्षं रोज सकाळी सहाला सभागृहातल्या माइकवरून गावाला उठवते आहे. आधी तीनदा "ऐकू येतंय का", मग खताच्या गोण्या, लशी, कोणाकडे बारसं, कोणाचं कुत्रं सुटलंय. ऑगस्टच्या शेवटी एका सकाळी भोंग्यातून नुसती खरखर आली. गावाने लगेच ठरवलं की मशीन बिघडलं. (माझा आवाज बिघडू शकतो ही शंकाच कोणाला आली नाही. मी याला मान समजायचं की काय, ते मला अजून कळलेलं नाही.) शहरातून मेकॅनिक आला, वायरी बदलल्या, माइक बदलला, स्वतः बोलून पाहिलं तर खणखणीत. मग मी बोलले तर खरखर. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं, अदबीने मान झुकवली आणि हत्यारं गोळा करून निघून गेला.

मग औषधोपचार सुरू झाले. शेजारणींनी मधात वाफवलेली नाशपाती आणली, कोणी दोराजीच्या मुळांचा कडू काढा आणला. मी इतक्या नाशपात्या खाल्ल्या की झाडाजवळून जायला लाज वाटू लागली. ह्वांग आजोबांनी (वय एक्याऐंशी, पुतण्याला गावप्रमुख करायची इच्छा वय वर्षं सहा) सभागृहात सगळ्यांसमोर ऐकवलं की बाईने सहा वर्षं आमचे कान खाल्ले, आता घसा त्याची भरपाई करतोय. सगळे हसले, मीही हसले. पण ताई, एक गोष्ट मी कोणालाच सांगितली नव्हती. गिळताना घशात भाताचं शीत अडकल्यासारखं वाटायचं आणि बोललं की कळ थेट कानात जायची. आपल्या बाबांचं घशातल्या गाठीचं दुखणंही असंच आवाज बसण्यापासून सुरू झालं होतं. शेवटचे चार महिने तूच त्यांना चमच्याने पेज भरवलीस. म्हणून तुझा फोन उचलत नव्हते. माझा आवाज ऐकला असतास तर तुला पहिलं तेच आठवलं असतं, आणि मला भीती वाटत होती, दुसरं काही नाही.

आता तो मिरच्यांचा दिवस. त्या दिवशी गावाची सभा होती. मिन्च्योलच्या बाबांना युक्ती सुचली की मशीनमध्ये माझ्या जुन्या घोषणा साठवलेल्या आहेत, त्यातलीच सभेची लावायची. चष्मा घरी, बटणं बारीक. लागली ती गेल्या वर्षीची फवारणीची. आकाश लख्ख, वारा नाही, अंगणाअंगणात मिरच्या पसरलेल्या, आणि भोंग्यातून माझा धडधाकट आवाज सांगतोय की दहा मिनिटांत फवारणीचं ड्रोन येतंय, मिरच्या आत घ्या, खिडक्या लावा. अख्खं गाव धावलं. म्हाताऱ्या बायका चटयांसकट मिरच्या ओढत होत्या. एक चटई नाल्यात गेली, ती नेमकी ह्वांग आजोबांची. ड्रोन काही आलं नाही. आलं ते गाव, माझ्या दारात.

मी माफी मागायला तोंड उघडलं आणि हवेशिवाय काहीच बाहेर पडलं नाही. आजोबांच्या हातात भिजलेल्या मिरच्या होत्या. ते म्हणाले, "ही बाई भांडत नाहीये. हिला काहीतरी खरंच झालंय. चल, गाडीत बस." त्यांच्या टेम्पोतून आन्दोंगच्या इस्पितळापर्यंत ते रस्ताभर मिरच्यांवरून बडबडत होते. मला रडू येऊ नये म्हणूनच, हे नंतर कळलं.

डॉक्टरने नाकातून नळी घालून घसा पाहिला आणि मग म्हणाला, हात दाखवा. (मला वाटलं आता आयुष्यरेषा बघतोय.) त्याने माझी वाकडी बोटं दाबून पाहिली, किती वर्षं असं विचारलं. बारा. मग त्याने समजावलं की घशात दोन इवलेसे सांधे असतात, तेच आवाजाच्या पडद्यांची उघडझाप करतात. बोटांतला आमवात तिथे पोचलाय. सूज आहे. बाकी काही नाही.

"म्हणजे ते नाही?" मी कागदावर लिहिलं.

"ते नाही."

ताई, बारा वर्षं या आमवाताला मी शिव्या दिल्या, आणि त्या दिवशी त्याच्यासमोर कपाळ टेकायला तयार होते. ढसाढसा रडले. बाहेर आजोबांना वाटलं सगळं संपलं, तेही डोळे पुसायला लागले. खरं कळल्यावर त्यांनी आधी मिरच्यांची भरपाई मागितली.

इंजेक्शन झालं, गोळ्या बदलल्या. चौथ्या आठवड्यात आवाज आला, जरा जाडसर. सोमवारी सहाला तीनदा "ऐकू येतंय का" म्हटलं, तर ह्वांग आजोबा खिडकीतून ओरडले की जास्तच येतंय. इतकं हलकं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

तुझी,
मालसून

ता. क. तुझ्या वाटणीचं तिखट बसने पाठवलंय. नाल्यातलं नाही.

ता. क. २. आता खरं. सुगीच्या सणाच्या दिवशी तुझा फोन यांनी घेतला, तेव्हा मी बाजूलाच होते. तुझाही आवाज बसलेला होता. भावोजींवर ओरडून बसला म्हणालीस. तुझी बोटंही माझ्यासारखीच आहेत, आणि चौदा तारखेला तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. डॉक्टरने मला बजावलंय की भूल देताना घशात नळी घालतात, तिथले सांधे सुजलेले असले तर श्वास अडकू शकतो, म्हणून आधी सांगायचंच. ताई, त्यांना सांग. आधी घसा बघायला लाव. काळजीचं पत्र तू दोन ओळींत बाजूला ठेवतेस, म्हणून तुला इथपर्यंत हसवत आणलं.

ता. क. ३. पत्र मिळाल्यावर दोन दिवसांत डॉक्टरांना सांगितलं नाहीस तर तुमच्या इमारतीच्या कार्यालयाचा नंबर माझ्याकडे आहे. तुमच्या घराघरात छताला भोंगा आहे, आणि मला सहा वर्षांचा अनुभव आहे.