अलीकडच्या काठाचं पाणी

तीर्थरूप दादास,

हे विशेषण आता नदीपेक्षा तुलाच अधिक शोभतं, कारण तिचं पाणी मी तपासलं आहे.

खाण बंद होऊन बारा वर्षं झाली, तरी तिच्या बोगद्यातून शिसं अजून नदीत उतरतं. कंपनी म्हणते, आमच्या काळातले सगळे अहवाल स्वच्छ आहेत. त्या प्रत्येक अहवालावर खाणीचा रसायनतज्ज्ञ म्हणून तुझी सही आहे. माझे विद्यार्थी कुजबुजले, "मॅडमच्या भावानं आकडे दडपले." मी म्हटलं, "त्याला पत्त्यांत लबाडी जमत नाही, आकड्यांत काय जमणार!"

मग मी दोन्ही काठांचं पाणी घेतलं. बोगद्याचं पाणी पलीकडच्या काठालाच मैलभर चिकटून वाहतं. नीरक्षीरविवेक हंसापेक्षा नदीला बरा जमतो. पायऱ्या मात्र अलीकडच्या काठाला आहेत, आणि तू जन्माचा आळशी. वीस वर्षं बाटली तिथेच बुडवलीस ना? आकडे सगळे खरे होते, दादा. चुकला तो काठ.

हे सिद्ध करायला मला तुझ्या रोजच्या वह्या हव्यात, आणि 'मी पाणी इथेच घेत होतो' अशी तुझ्या हातची एक ओळ. ती लिहिणं कडू आहे, हे मला कळतं. पण खालची गावं अजून तेच पाणी पितात.

हे पत्र पाठवलं, तर तू आठवडाभर सबबी रचशील आणि वहिनी त्यांचं शुद्धलेखन तपासून देईल. म्हणून ते पर्समध्येच राहील. उद्या सकाळी मीच दारात उभी राहीन. माझ्या तोंडावर 'नाही' म्हणायला तुला आजवर कधी जमलेलं नाही.

तुझी धाकटी,
आणि तुझ्या मते अजूनही अतिशहाणी