लांब केलेला खड्डा

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

राजारामपुरी, कोल्हापूर
दि. १२ एप्रिल २०२६

चि. जोतीराम यास अनेक आशीर्वाद.

बिद्रीस तुझ्या मातोश्रींची प्रकृती सुधारल्याचे कळले, समाधान वाटले. येथे ऊन कडक आहे. माझा रक्तदाब ताब्यात आहे. तुझी काकू, महानंदा, गेली; परवा दोन महिने झाले. कळविण्यास विलंब झाला, क्षमा असावी.

पत्रास कारण की, आमचे माजी नगरसेवक विजयसिंह येऊन गेले. आमच्या संगमेशच्या पहिल्या स्मृतिदिनी चौकात त्याचा पुतळा उभारायचा आहे. "सर, खाली तुमी पेपरात लिवलेल्या ओळीच घालूया की. लई जबरी हायत," असे म्हणाले. त्या ओळी तू वाचल्या असशील : 'हसतमुखाने मृत्यूस सामोरा गेलेला हा वीर शांत निद्रिस्त भासत होता.' मी पस्तीस वर्षे मराठी शिकवले. वाक्य निर्दोष आहे. त्याची शवपेटी मी उघडून पाहिली नव्हती.

लढाईच्या त्या दिवसांत आमचा दूरदर्शन संच सकाळपासून चालू असे. निवेदक ओरडत होता, आपल्या बाजूस ओरखडाही नाही. महानंदाने गल्लीत पेढे वाटले. डबा मी धरला होता. दुपारचे चार वाजले होते. तोफगोळा संगमेशच्या आणि तुझ्या चौकीवर सकाळी साडेसहालाच पडला होता, हे नंतर तुझ्याकडून समजले.

आम्हा लिंगायतांत देहाला मांडी घालून बसवतात, तळहातावर इष्टलिंग ठेवतात आणि मग माती देतात. रुद्रभूमीत खड्डा तसाच खणला होता. तू मला बाजूला घेऊन म्हणालास, "सर, पेटी उघडू नगासा. बसवाय कायबी ऱ्हायलं न्हाय. मीच गोळा केलंय त्येला."

मी सर्वांस सांगितले, सरकारी नियम आहे. खड्डा लांब करून घेतला. सलामी झाली. कॅमेरे होते.

महानंदा ते कधीच विसरली नाही. ताट वाढताना म्हणे, "एवढं शिकलासा, पर पोराला नीट बसवाय आलं न्हाय तुमास्नी. सायबाचा नियम मोठा झाला व्हय?" मी जेवत असे. दवाखान्यात अखेरच्या दिवशी माझे मनगट धरून म्हणाली, "मला तरी बसवा की."

तिला बसवले. शेजारी संगमेश आडवा आहे.

तिला धक्का बसू नये म्हणून गप्प राहिलो, असे मी नऊ महिने स्वतःस समजावले. ते खरे नाही. त्या ओळींचे कात्रण मी चौकटीत घालून बाहेरच्या खोलीत लावले होते. येणारे-जाणारे वाचत, मान डोलावत. खरे सांगितले असते तर ती चौकट उतरवावी लागली असती.

काल ती उतरवली. विजयसिंहांना नकार कळवला. ते म्हणाले, "मग दुसऱ्याकडनं लिहून घेतो, सर. त्यात काय एवढं?" पुतळा होणारच. बूट घातलेला, दोन्ही पायांवर उभा.

स्मृतिदिनी तू चौकात जाऊ नकोस. थेट रुद्रभूमीत ये. महानंदाच्या समाधीसमोर बस आणि तू काय गोळा केलेस ते तिला सांग. तुझ्याच बोलीत सांग; माझ्या तोंडून तेसुद्धा शुद्ध होऊन बाहेर पडेल. मी मागे उभा राहीन. एक शब्दही सुधारणार नाही.

मातोश्रींस नमस्कार.

पोराला आडवा पुरून त्यावर सुंदर वाक्य लिहिणारा,
अण्णासो मगदूम