दोन नद्यांमधलं चित्र

अप्पा, वीस वर्षं मी तुम्हाला चोर समजत आले, हे आधी सांगून टाकते. तोंडावर कधी म्हटलं नाही असंही नाही. एकदा म्हटलं होतं, तुम्हालाही ते आठवत असेल. मेलेल्या माणसाला काय आठवतं कोण जाणे, पण तुमची स्मरणशक्ती बघता तुम्ही ते विसरला असाल असं मला वाटत नाही.

आठवा: मी अकरा वर्षांची आहे. तुम्ही जानेवारीत, पोंगलच्या सणाच्या रजेवर आला आहात. उपग्रहांनी काढलेली चित्रं वाचायची तुमची नोकरी, तीही दूरच्या शहरात, आणि त्यातली काही चित्रं सैन्यासाठी असतात, एवढंच घरात माहीत. दिवसभर काय बघता विचारलं की तुम्ही ‘ढग’ म्हणायचात. अम्मा भाजी परतता परतता म्हणायची, ढग बघायला कोणी पगार देतं का? आदल्या खेपेला मी हट्टच धरला होता, आपलं गाव वरून कसं दिसतं ते दाखवा म्हणून. तर या खेपेला तुम्ही पेटीच्या तळातून तळहाताएवढं करडं चित्र काढलंत. चारी कडा कात्रीनं कापलेल्या. वर एक नदी, खाली एक नदी, मध्ये दाट वस्ती. “हे आपलं कुंभकोणम्. असंच धर, सावली आपल्याकडे पडू दे. आणि कोणाला दाखवू नकोस,” म्हणालात. मी ते भूमितीच्या पेटीत ठेवलं.

त्याच वर्षी उन्हाळ्यात तुम्ही कायमचे घरी आलात. निवृत्तीला कितीतरी वर्षं होती. घरी पाठवलं, एवढंच अम्मानं सांगितलं. का ते तुम्ही सांगितलं नाहीत. गल्लीनं मात्र सांगितलं: चित्रं बाहेर विकली म्हणे, परदेशाला. तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून वांगी चिरायचात आणि रस्त्यावर कोणी हाक मारली तर उठायचा नाहीत. मला फार राग यायचा. निर्दोष माणूस असा गप्प बसतो का?

सतरा-अठराची असताना कॉलेजच्या संगणकावर आपलं गाव वरून बघता येतं असं कळलं. चित्र घेऊन गेले, तुम्ही सांगितलं होतं तसंच धरून शेजारी लावलं. वर कावेरी, खाली अरसलार, इथवर ठीक. पण आपलं महामहम् तळं गावाच्या एका कोपऱ्याला, आणि तुमच्या चित्रातलं तळं बरोबर समोरच्या कोपऱ्याला. म्हणजे हे भलतंच गाव. दोन नद्यांमधलं, कुठल्या तरी दुसऱ्याच मुलखातलं, पोरीच्या हाती खपवून दिलेलं. म्हणूनच कडा कापलेल्या. मला खोटं सांगितलंत, तर गल्लीचंच खरं असणार. त्या दिवशी घरी येऊन मी विचारलं, “विकलीत ना चित्रं?” तुम्ही विळी बाजूला ठेवलीत. आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या जुन्या मराठीत म्हणालात, “तुज तसें वाटते काय?” मी चित्र पेटीत टाकून आत गेले. दोन वर्षांनी तुम्ही गेलात, तेव्हाही त्याचं उत्तर देणं राहिलंच होतं.

आता मी पीकविम्याचे दावे तपासते. शंका घेणं हीच नोकरी, आणि मला ती छान जमते. तिरुनीलक्कुडीच्या शेतात खरोखर पाणी साचलं होतं की नाही, हे आम्ही आता उपग्रहाच्या चित्रावरून ठरवतो. गेल्या महिन्यात त्याचं प्रशिक्षण होतं. शिकवणारी चोळपुरम्ची, माझ्याहून कितीतरी लहान. ती तमिळमध्ये म्हणाली, उत्तर दिशा वर ठेवली की सावली पलीकडे पडते आणि डोळा फसतो, तळं उंचवट्यासारखं दिसतं. म्हणून चित्र वाचणारे ते फिरवून दक्षिण वर घेतात, सावली आपल्याकडे आणतात. प्रशिक्षण अर्धवट टाकून मी निघाले.

घरी आले, चपलाही न काढता भूमितीची पेटी शोधली आणि चित्र उलटं फिरवलं. तळं जागच्या जागी आलं. बाजूला देवळं, गोपुरांच्या बारीक सावल्या, आपली गल्लीसुद्धा. मी ढसाढसा रडले, अप्पा. आपलंच गाव होतं.

पण रडून झाल्यावर डोकं चालायला लागलं. विकलं नाही, तर घरी कशासाठी पाठवलं? तुमच्या कार्यालयातून कागदाचा कपटाही बाहेर न्यायची बंदी होती, हे आज मला कळतं. मग कपटा गेल्याचं त्यांना कळलं कसं? तुमच्याच कार्यालयातले दारासुरम्चे काका त्या वर्षी तुम्ही पाठवलेलं अम्माचं औषध घेऊन आले होते. अम्मा पाणी आणायला आत गेली, आणि मी फुशारकीनं भूमितीची पेटी उघडली. त्यांनी चित्र बराच वेळ बघितलं. “कधी दिलं अप्पानं?” “पोंगलला,” मी म्हटलं. तीन महिन्यांत तुम्ही घरी होतात.

कदाचित कारण वेगळंच असेल. काकाही वारले, विचारायला कोणी नाही. अम्माला हे सांगायची हिंमत नाही, म्हणून हा कागदही कोणाच्या हाती लागू देणार नाही. एकच गोष्ट सुटत नाही. चित्र कोणाला दाखवलंस का, असं तुम्ही मला शेवटपर्यंत विचारलं नाहीत. ठाऊक होतं म्हणून, की पोरीवर शंका घ्यायची नाही म्हणून? विचारलं असतंत तर मी ‘नाही’ म्हणाले असते.