खुंटीवरची दोरी

प्रिय ठके,

पाकीट फोडताना तू म्हणशीलच, या म्हाताऱ्याला फोन करायला काय झालं होतं? केला होता की. हवापाण्याचं बोललो आणि ठेवून दिला. मला भीती वाटते आहे, बाळ. डोळ्यांचं काहीतरी निघालं आहे. पण सरळ रस्त्याने मुद्द्यावर येणं मला कधी जमलंय? जरा भटकू दे.

वाढदिवसाला तू तो दीपगृहाचा जुना संगणकावरचा खेळ नव्या रूपात धाडलास, वर तो खेळायला खिडकीएवढा पडदा. पहिल्यांदा लावला तेव्हा मला समुद्र दिसलाच नाही. आपलं जुनं टेबल दिसलं आणि त्याच्या कडेवर टेकलेली तुझी हनुवटी. तेव्हा समुद्र म्हणजे नुसत्या निळ्या पट्ट्या होत्या, तरी तुला लाटा ऐकू यायच्या. एकेका खोलीत शिरायचं, दिसेल ते उचलून झोळीत टाकायचं. आणि मला तर शाळेपासूनची खोड, काहीही चालीवर म्हणायची. त्या खोल्यांवरही मी रचलं होतं:

डावी भिंत, उजवी भिंत, मगच पुढे पाऊल,
तळघराच्या पोटामध्ये कोणाची ही चाहूल?

‘चाहूल’ म्हटलं की तू दोन्ही पाय स्टुलावर घ्यायचीस.

मोठा निर्दयी होता तो खेळ. पहिल्या खोलीतली दोरी उचलायची राहिली आणि तळघरात उतरलो, की मागे दार बंद. पण खेळ त्याबद्दल अवाक्षर काढायचा नाही. आपण कंदील लावतोय, किल्ल्या शोधतोय, खुशीत आहोत. आणि कोरड्या विहिरीच्या काठावर पोचल्यावर कळायचं, आपण तर केव्हाच हरलोय. एकदा तू रडून गोंधळ घातलास, “मग त्याने आधी का नाही सांगितलं?”

नवा खेळ सभ्य आहे. लाटांना फेस आहे, पक्ष्यांना डोळे आहेत. तळघराच्या दाराशी खेळातला आपला दिवेवाला थांबतो, डोकं खाजवतो आणि म्हणतो, काहीतरी राहिलंय बुवा. माझ्याकडे तो आठवडाभर डोकंच खाजवत राहिला. दोरी कुठेच नाही! मी चिडलो. सुधारणा करायच्या नादात दोरीच गाळली की या खेळ बनवणाऱ्या पोरांनी! एक कळ दाबली की जागच्या जागी जुनं चित्र येतं, तीही दाबली. तिथेही दोरी नाही. म्हणजे जुन्यालाही हात लावला! मी मोठमोठ्याने तक्रारीचा मजकूर जुळवत होतो, तेवढ्यात तुझी आई चहा घेऊन आली. जन्मात कधी तिने या खेळाकडे ढुंकून पाहिलेलं नाही. म्हणाली, “अहो, ही काय दोरी! खुंटीला अजगरासारखी लोंबतेय. आंधळे झालात की काय?” ती हसली, मीही हसलो. मग तिने माझी हनुवटी धरून मान डावीकडे वळवली. दोरी होती. मान सरळ केली, दोरी नाही. आणि ठके, तिच्या जागी काळा डाग नव्हता, धुकं नव्हतं. भिंत होती. स्वच्छ, पांढरी, माझ्याच मनाने रंगवलेली. आईचं हसू माझ्याआधी थांबलं.

डोळ्यांच्या डॉक्टरीण बाईंनी एका मोठ्या पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात तोंड घालून बसवलं. ठिणगी दिसली की बटण दाबायचं. मध्येच ठिणग्या यायच्या थांबल्या. मी म्हटलं, बाई, तुमचं मशीन बंद पडलंय. त्या हळूच म्हणाल्या, “नाही काका, चालू आहे.” त्यांनी काचबिंदू सांगितला. दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेने नजर खात येतो. गेलेली परत येत नाही. उरलेली औषधाच्या थेंबांनी राखता येईल, बहुतेक. त्या ‘बहुतेक’वर मी अख्खा दिवस बसून होतो. आता घरात चालताना प्रत्येक भिंतीला हात लावून पाहतो, खरी आहे ना म्हणून.

पण हे पत्र माझ्यासाठी नाही. बाईंनी विचारलं, घरात आणखी कुणाला? तुझे आजोबा म्हातारपणी दारांच्या चौकटींना धडकायचे आणि आम्ही भावंडं त्यांना धांदरट म्हणून हसायचो, ते सांगितलं. मग त्यांनी मुलंबाळं विचारली. एक मुलगी, म्हणालो, बस चालवते. त्यांनी पेन खाली ठेवलं. तेव्हापासून मला तुझा मागच्या रविवारचा फोन ऐकू येतोय. डाव्या बाजूचा आरसा परत डेपोच्या गेटला घासला म्हणून तू खदखदून हसत होतीस. “बाबा, रंग दिल्यापासून गेटच अरुंद केलंय मेल्यांनी!” ठके, गेट तेवढंच असेल गं. रागाव, मला भित्रा म्हण, पण हे वाचलंस की बसची पाळी घेऊ नकोस. डोळे दाखव. आणि दवाखान्यात जाशील ती दुसऱ्या कुणीतरी चालवलेल्या गाडीत बसून जा.

तुझाच, फोनवर हे सांगायची छाती न झालेला,
बाबा