कुंडी कोणी फोडायची

फोशान,
१९ नोव्हेंबर

प्रिय ताई,

तू आणि भावजी बरे असाल. मी ठीक. फरशीच्या कारखान्यात भट्टीवरच आहे अजून, खोकला कमी आहे. फोन करणार होतो, पण तुझा आवाज ऐकला की मी खोटंच बोलतो. म्हणून लिहितोय. अक्षर चालवून घे.

बाबांच्या मातीला का आलो नाही विचारलंस तेव्हा मी म्हणालो, सुट्टी मिळाली नाही. ताई, मिळाली होती. मी आपल्या छूफूला आलो होतो.

स्टेशनवरून पाय घराकडे वळेचनात. तीन वर्षांपूर्वी बाबा ओरडले होते ते तूही ऐकलंस, "मी मेलो तर माझी कुंडी तू फोडायची नाहीस!" मग मी कन्फ्यूशियस गुरुजींच्या देवळात शिरलो, प्रवाशांच्या घोळक्यात. बाबांनी जन्मभर तिथल्या शिलालेखांचे कागदावर ठसे घेतले. आणि एका बाईने विचारलं, "काय हो, इथलेच का? मोठं दालन कुठे?" तर मी म्हणतो, "नाही हो, मीही बघायलाच आलोय."

तेवढ्यात मर्तिकाची सनई ऐकू आली. धावत गल्लीच्या तोंडाशी आलो. बाबांची शवपेटी दारात, खांदेकरी वाकून थांबलेले. ज्या कुंडीत तू तीन दिवस बाबांच्या नावाने कागद जाळलेस ती मुलाने फोडल्याशिवाय पेटी उचलणार कशी?

मोठे काका म्हणाले, "कुणाची वाट बघताय? तो कसला येतोय!"

"दोन मिनिटं, काका. येईल तो," तू म्हणालीस.

"तुझी दोन मिनिटं तासभर चाललीत गं!"

मी वीस पावलांवर होतो. तीनचाकी गाडीमागे.

काकांच्या देशुनने कुंडी आपटली. फुटली नाही. एका फटक्यात फुटायला हवी. तेव्हा तू गल्लीकडे तोंड करून माझं नाव घेऊन ओरडलीस. ताई, मी ऐकलं. आणि अजूनच खाली वाकलो. दुसऱ्यांदा ती फुटली तेव्हा मी पळत होतो.

बाबांच्या त्या बोलण्यामुळे मी पुढे आलो नाही, असं स्वतःला रोज सांगतो. ते खरं नाही. सगळे माझ्यावाचून अडलेत हे बघून मला घटकाभर बरं वाटलं होतं. बाबांची पेटी उन्हात होती आणि मला बरं वाटत होतं.

बाबांच्या पस्तिसाव्या दिवसाच्या विधीला मी येतोय. त्याआधी हे पत्र काकांना आणि देशुनला मोठ्याने वाचून दाखव. गाळू नकोस काही. एकदा सगळ्यांना कळलं की मग मला वाटेतून माघारी फिरता येणार नाही. काका मारतील, मारू देत.

भाऊ म्हणायचं की नाही ते तू ठरव. मी येणार आहे,

शिंग्वेई