फरशीवरची भुई

बाबा, आपल्या मळ्याच्या जागी आता एक उंच इमारत उभी आहे आणि तिच्या सातव्या मजल्यावर मी राहतो. तुम्ही गेलात तेव्हा मळ्याच्या तिन्ही अंगांना तुरीची वावरं होती, आणि अमरावती म्हणजे संध्याकाळी दूर दिसणारी दिव्यांची एक ओळ होती. ती ओळ हळूहळू चालत आली. आधी ले-आउट पडले, मग रस्ते आले, मग विहिरीचं पाणी नासलं. त्या पाण्यावर शेवंती धरेना. झेंडू यायचा, पण देठात दम नसायचा. देवीच्या देवळासमोरचं आपलं फुलांचं दुकान मी अजून चालवतो. फुलं मात्र अकोल्याहून पहाटेच्या गाडीनं येतात. दुसऱ्याच्या मळ्यातली फुलं मी ओवतो आणि देवीला वाहतो. देवी काही म्हणत नाही.

तुम्हाला आठवतं का, एका दसऱ्याला झेंडूची पोती घेऊन आपण दोघं एसटीनं अकोल्याला गेलो होतो. मी तेव्हा आपल्या गावच्या शाळेत पाचवी-सहावीत असेन. मंडईतून परत येताना एका उंच इमारतीचं काम चाललेलं दिसलं. तेवढी उंच इमारत आपण दोघांनीही आधी पाहिली नव्हती. तुम्ही रस्त्याच्या मधोमध थांबलात, टोपी पडू नये म्हणून डोक्यावर हात ठेवलात आणि वर पाहत राहिलात. मला वाटलं, आता तुम्ही म्हणाल केवढी मोठी आहे. तुम्ही म्हणालात, "एवढ्या वर माणूस मेला त खाली आनत असन कसा?" बाजूला केळीची गाडी लावलेला माणूस लगेच म्हणाला, "दोरीनं सोडते, बाबूजी! बादली सोडते ना विहिरीत, तशी." आजूबाजूचे सगळे हसले, मीही हसलो. तुम्ही हसला नाहीत. बसमध्ये बसल्यावर बऱ्याच वेळानं स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणालात, "मरनाऱ्याले भुई तरी पाह्यजे."

त्याचा अर्थ मला पुढे कळला, तुमच्याच वेळेला. मळ्यातल्या खोपीत तुमचा श्वास अडखळायला लागला तशी मायनं बाज रिकामी करायला सांगितली. भुई शेणानं सारवली, ती सुकायची वाट न पाहता तुम्हाला खाली घेतलं. ओल्या भुईला पाठ लागली आणि तुमचा चेहरा सैल झाला, हे मी पाहिलं आहे. तुमचा उजवा हात बाजूला पडला होता आणि बोटं माती चाचपत होती, बी टाकायच्या आधी ओल बघायची तुमची सवय होती तशी. माय नंतर कितीदा तरी सांगायची, "तुह्या बापाले म्या बरोब्बर वख्ताले भुईवर घेतलं." एखाद्या बाईनं लेकीचं लग्न वेळेवर लावल्याचं सांगावं, तशी सांगायची.

त्या मातीबद्दल तुमचा एक नियम होता, मळ्यात चप्पल चालायची नाही. एकदा शाळेतून आलो तो तसाच नवी चप्पल घालून सरीत उतरलो. तुम्ही खुरपत होता. उठलात आणि पाठीत एक धपाटा दिलात. "जेवाच्या ताटात पाय देतं का कोनी?" इतकंच म्हणालात आणि पुन्हा लव्हाळा खुरपायला बसलात. लव्हाळ्याशी तुमचं जन्माचं वैर. वरून कापावा तर खालच्या गाठीतून चार दिवसांत पुन्हा कोंब. तुम्ही खुरप्यानं खोल खणून एकेक गाठ वेचायचा, बांधावर वाळत घालायचा, आणि तरी दुसऱ्या पावसाळ्याला तो हजर. माझ्या हाताला बसेल असं लहान खुरपं तुम्ही लोहाराकडून करून आणलं होतंत ना, ते त्या धपाट्याच्या दुसऱ्या दिवशी. तेव्हा मला वाटलं, शिक्षाच आहे. ते खुरपं माझ्याकडे आहे.

जमीन बिल्डरला द्यायची ठरली तेव्हा मी मायला विचारलं. जमिनीच्या बदल्यात इमारतीत घर मिळणार होतं. तिनं एकच प्रश्न केला, "जागा त आपलीच राह्यते ना?" मी म्हटलं, जागा तीच, फक्त आपण वर राहू. ते तिला पटलं. मलाही पटलं होतं, बाबा. खरंच वाटायचं की इमारत म्हणजे मळ्यावर उभं केलेलं एक उंच मचाण. वर आपण, खाली मळा.

खोदकाम सुरू झालं तेव्हा माय तिच्या बहिणीकडे चांदूर रेल्वे गावाला होती. साइटवरच्या इंजिनिअरनं मला समजावून सांगितलं, काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, तिच्यावर इमारत टिकत नाही. सगळी काढावी लागते. आणि त्यांनी ती काढली. मशीनचा पंजा आत गेला की चिरलेल्या कलिंगडासारखी कड दिसायची, फक्त काळी. खाली पिवळा मुरूम लागेपर्यंत माती उपसली, मग बाहेरून आणखी मुरूम आणून भरला, त्यावर रोलर फिरवला. विहीरही त्यातच बुजली. माती टिप्परनं कुठे जाते म्हणून मी एका ड्रायव्हरला विचारलं. तो म्हणाला, अकोला रोडवर लग्नाचा नवा लॉन होऊन राहिला, तिथं हिरवळीसाठी घेतली. माय परत आली तोवर खांब वर आले होते. तिला मी हे सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता आम्ही सातव्या मजल्यावर राहायला आलो.

वर आल्यावर माय गॅलरीच्या कठड्याला धरून खाली बघत बसायची. खाली पार्किंगमध्ये गाड्या. ती सुनेला दाखवायची, "थ्या पांढऱ्या गाडीखाली आपली हीर. तिकडं गेटापाशी शेवंती. अन् जिथं थो पोट्टा सायकल फिरवून राहिला ना, तिथं तुह्या सासऱ्याची खोप." एकदा भाजीची सालं सवयीनं तिनं खाली फेकली, बकऱ्यांसाठी फेकायची तशी. ती कोणाच्या तरी कारवर पडली. सोसायटीचे सेक्रेटरी वर आले. सभ्य माणूस आहे. म्हणाले, "आजी, खाली गाडी उभी असते ना." माय म्हणाली, "मंग शेवंतीत गाडी उभी कावून करता?" ते बिचारे हसत हसत गेले. मला हसू आलं नाही. ती ज्याला शेवंती म्हणत होती तो मुरूम होता.

आणि संध्याकाळचा दिवा लावला की तिचं एक ठरलेलं बोलणं असायचं. "तुह्या बापाले म्या घेतलं. मले कोन घीन?" मी म्हणायचो, मी घेईन माय. "इथं नोको हं. हे फरशी हाय, इच्यात जीव नाई. मले खाली नेजो, आपल्या मळ्यात." मी हो म्हणायचो. रोज हो म्हणायचो.

त्या लॉनवर मी लग्नाच्या मंडपाला फुलं बांधायला जातो, धंदाच आहे. एकदा स्टेजला माळा बांधत होतो आणि तिथला माळी हिरवळीत बसून खुरपत होता. तो आपल्या जोडीदाराला म्हणाला, "कोन्या दळभद्र्याच्या वावरातली माती आनली कोन जाने. तीन वर्सं झाले, लव्हाळा मरूनच नाई राहिला." मी खाली पाहिलं. हिरवळीतून तो वर आला होता, तुमचा लव्हाळा, तोच. मी माळ बांधत राहिलो.

यंदा माय अंथरुणाला खिळली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, आता घरी न्या. घरी आणल्यावर तिनं डोळे उघडले, छताकडे पाहिलं आणि म्हणाली, "खाली ने आता." मी सेक्रेटरींना जाऊन भेटलो. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. म्हणाले, "भाऊ, मला समजते. माझीही आई गेली. पण खाली सिमेंटचे गट्टू आहेत, लोकांचं येणं-जाणं आहे, लेकरं खेळतात. तुम्हीच सांगा, कुठं निजवणार?" ते चूक बोलत नव्हते. भिंतीलगत अशोकाच्या झाडांची एक पट्टी आहे, तिथे गटाराची झाकणं आहेत. आणि गट्टू उचलले असते तरी खाली काय होतं, ते मला माहीत होतं.

मग मी लॉनवर गेलो. माळ्याला म्हटलं, दोन पोती माती पाहिजे. "ने ना भाऊ, लागन तेवढी ने. कायले पाह्यजे, तुळशीले?" मी मान हलवली. "पन लव्हाळा येईन हो संगं. मंग म्हनशीन, सांगतलं नाई." तो पोत्याचं तोंड धरून उभा राहिला आणि मी तुमच्या खुरप्यानं, म्हणजे माझ्या त्या लहान खुरप्यानं, कडेची माती भरली. लिफ्टमध्ये माती-रेती न्यायला मनाई आहे, तशी पाटी आहे. दोन खेपांत जिन्यानं चढवली. शेणखताची पाटी तुम्ही खांद्यावर घ्यायचा तसं पोतं घेतलं होतं. मजल्यामजल्यावर टेकत होतो. कुणीतरी दार उघडलं, पाहिलं आणि लावून घेतलं.

हॉलमधला सोफा सरकवला. एक पोतं ओतलं, हातानं पसरलं. गोरक्षणातून शेण आणलं होतं. दुसरं पोतं उघडायला घेतलं तेव्हा तुमची सून हळूच म्हणाली, "जाड थर नका देऊ जी. सारवलेलं पानी खाली उतरन. मागच्या वेळी बाथरूमचं गळलं तर खालच्या बाई केवढ्या भांडल्या." मी थांबलो. दुसरं पोतं तसंच बांधलेलं गॅलरीत नेऊन ठेवलं. एका पोत्यात जेवढं झालं तेवढं सारवलं. कमीत कमी पाणी वापरलं.

दुपारची वेळ होती. मी आणि तुमच्या सुनेनं मायला उचलून खाली घेतलं. वजन काही राहिलंच नव्हतं. भुईचा वास आला तसे तिचे डोळे उघडले. तिनं बोटांनी माती चिवडली, एक गाठ तिच्या चिमटीत आली. ती नाकाशी नेली. लव्हाळ्याच्या गाठीला वास असतो, तुम्ही हात धुतले तरी तुमच्या बोटांना यायचा. माय हसली. "मेला नाई हा अजून. तुह्या बापानं जनम घातला." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "खालून आनली?"

मी म्हटलं, "आपल्याच मळ्यातली हाय, माय."

तिला बरं वाटलं. तुमच्यासारखाच तिचा चेहरा सैल झाला, मी पाहिलं. तुळशीचं पान ठेवलं, गंगाजळ दिलं, नाम घेत बसलो. देवीला म्हणत होतो, आता ने, आत्ता ने, ती अशी आहे तोवरच ने. पण देवी थोडी थांबली. मायनं टाच हलवली. झोपेत पाय पसरतो तशी टाच मातीत घासली, आणि ती घासलेली मी ऐकली. खाली टणक लागलं होतं. मायच्या कपाळाला आठी पडली. तिनं हातानंही बाजूला उकरून पाहिलं. दोन बोटंच बुडाली. "फरशी लागून राहिली रे," ती म्हणाली. रागावून नाही. ताटात कमी वाढलं तर ती कधी रागावायची नाही, फक्त सांगायची, तसं सांगितलं. मी गॅलरीकडे पाहिलं. उठून ते पोतं आणावं, तिच्या टाचेखाली ओतावं, एवढंच करायचं होतं. मी उठलो तेव्हा तुमच्या सुनेनं माझा हात धरला. माय गेली होती.

तिला खाली नेलं जिन्यानं. तिरडी लिफ्टमध्ये बसत नाही. जिन्याच्या वळणावर आडवी वळत नाही म्हणून उभी करावी लागते, आणि बांधलेलं माणूस उभं राहिल्यासारखं दिसतं. अकोल्याच्या रस्त्यावर तुम्ही विचारलं होतं ना, खाली कसं आणतात, ते असं आणतात. खाली आल्यावर पांढऱ्या गाडीच्या मालकानं गाडी मागे घेतली आणि आम्ही तिला तिथे, विहिरीवर, क्षणभर टेकवली. ती जागा मीच दाखवली होती.

हे मी कुणाला लिहितो आहे, मला नीट माहीत नाही. तुम्हाला जेमतेम वाचता यायचं. पोस्टमन आपल्या पत्रावर नाव पाहायचा नाही. "मळा, विहिरीजवळ" एवढं लिहिलं की पत्र यायचं. तो पत्ता आता कुठेच नाही. तेव्हा हे मी घडी करून देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवीन.

एवढं मात्र सांगायचं राहिलं. ते दुसरं पोतं अजून गॅलरीतच आहे. फेकून द्या, असं तुमची सून दोनदा म्हणाली, मग म्हणायची थांबली. मागच्या महिन्यात पोत्याच्या प्लास्टिकला आतून टोचून हिरवी टोकं बाहेर आली. खुरपं देव्हाऱ्याच्या बाजूलाच असतं. तुम्ही असता तर एव्हाना गाठीसकट काढून वाळत घातला असता. मी काढत नाही, बाबा. सकाळी पूजा झाली की तांब्यातलं उरलेलं पाणी त्याला घालतो. थोडंच घालतो, खालच्यांकडे गळू नये म्हणून.