बिनदाराच्या घरातली बाटली

८ फेब्रुवारी, रविवार
शिंगणापूरला मामांकडे. वाटेत तेल आणि रुईच्या माळा विकणाऱ्यांनी गाडी अडवली. "अरे, मी इथलाच भाचा," म्हटलं. त्यातला एक म्हणाला, "मंग तर दोन घ्या."

मामा आयुष्यभर साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट. आख्ख्या तालुक्याला पुरेल एवढी दारू गाळली, थेंब चाखला नाही. गळ्यात माळ. आणि घराखाली, जुन्या ज्वारीच्या पेवात, फ्रान्सच्या वाइनच्या बाटल्या वाळूत आडव्या निजलेल्या. आंद्रे नावाचा इंजिनिअर मशिनरी बसवायला आला होता. मामींच्या भाकऱ्या खाऊन जो मित्र झाला तो झालाच. पुढे तिकडून कुणी कारखान्यात आलं की सोबत बाटल्या पाठवायचा. मरेपर्यंत.

"प्यायची नव्हती तर सांभाळली कशाला?"
"आरं, दोस्तानं दिल्याली वस्तू. उन्हाळ्यात वरनं वलं गोणपाट टाकितो. तिथं बसलं की मला बी गार वाटतं."

आता विकायच्यात. छताचे पत्रे गेलेत, पावसाळ्यात मामी घरभर पातेली मांडतात. मुलगी मनीषा पुण्याहून दर आठवड्याला एकच सांगते: घर सोडा, इकडे या. मामांचा हिशेब सरळ आहे. बाटल्या गेल्या की नवं छत, छत झालं की मनीषाचं तोंड बंद. पुण्यातला एक संग्राहक माझ्या ओळखीचा. परवाना, कागद सगळं तो बघणार. मी नुसता मध्ये.

पेवात उतरून प्रत्येक रांगेचे फोटो काढले. वर कुणी हाक मारली म्हणून मामा गेले. मी एकटा.

तिसऱ्या रांगेतली एक पिशवीत घातली. लेबलावर किल्ल्याचं चित्र होतं. मार्केट यार्डात व्यापारी पोत्यातून मूठभर नमुना घेतो, तसं. विचारलं नाही. विचारलं असतं तर मामांनी दोन दिल्या असत्या.

निघताना मामींनी शेंगदाण्याची चटणी दिली. त्याच पिशवीत ठेवली.

१० फेब्रुवारी
वाढदिवस. बावन्न. चौकडी घरी. वस्तू उघडली. बूच अर्धं आत पडलं, चहाच्या गाळणीनं गाळून घेतली. पेपरात सदर लिहिणाऱ्याच्या सवयीनं मी मोबाईलवर पाच मिनिटं वाचून अर्धा तास व्याख्यान दिलं: फळ, माती, लाकूड. वकील अविनाशनं घोट घेऊन सोडा मागितला. "कोकम सरबत उन्हात राहिलंय रे." हशा. शेव संपली.

बायकोनं, शैलानं, विचारलं, "कुठून आणली?"
"मामांनी दिली."
सहज म्हणालो. खरं बोलतानासुद्धा इतका सहज नसतो मी.

१३ फेब्रुवारी
संग्राहकाचा फोन. आवाजात पहिल्यांदाच माणूसपण. म्हणाला, बाकीचं ठीकठाक, पण तिसरी रांग! एकाच मळ्याची, एकाच सालची, एकत्र राहिलेली. अशी फुटकळ मिळते, आख्खी मिळत नाही. "संच पूर्ण आहे ना? फोटोत दिसतोय तसा?"

फोटो पिशवीच्या आधीचे.

"हो," म्हटलं. "दिसतोय तसा."

स्वयंपाकघराच्या खिडकीत शैलानं ती वस्तू धुऊन मनीप्लँट लावलाय. किल्ल्याला पाणी लागू नये म्हणून लेबलावर सेलोटेप. किती जपते.

२२ फेब्रुवारी, रविवार
लिहावंसं वाटत नाही. लिहितो.

संग्राहकाला घेऊन गेलो. त्याला आधी घरच समजेना. चौकट आहे, दार नाही, पडदा. बाजूला फळी टेकवलेली.
"ही कशाला?"
मामा म्हणाले, "कुत्र्यासाठी. माणसासाठी काय न्हाई."
"म्हणजे कुणीही आत येऊ शकतं?"
"यिऊ शकतंय की. पर न्हेत न्हाई कुणी काय. आमच्या गावात कडी घातली तर शेजारी इचारतो, माझ्यावर भरवसा न्हाई का?"

खाली गेलो. त्यानं टॉर्चनं एकेका बाटलीची मान बघितली, द्राक्षारस कुठपर्यंत उतरलाय ते. मान डोलावत होता. मामा त्याच्या मागे, नवरीच्या बापासारखे. तिसऱ्या रांगेशी तो थांबला. मी पाठवलेला फोटो मोबाईलवर उघडला. पुन्हा रांग. पुन्हा फोटो.

वाळूत एका बाटलीच्या आकाराचा खड्डा होता. स्वच्छ, गोलसर, मानेसकट. मला तो बुजवायचंसुद्धा सुचलं नव्हतं.

"एक कमी आहे."
मामांनी वाकून खड्ड्यावर हात ठेवला. मुलाचं अंथरूण चाचपावं तसा.
संग्राहक सभ्य माणूस. सभ्यपणे म्हणाला, "एक जाऊ शकते तर एक बदलूही शकते. राग मानू नका, पण साठवणुकीची खात्री नसेल तर मला घेता येणार नाही."
"म्हंजी चोरी म्हनताय?"
"मी काही म्हणत नाही."
"न्हाई न्हाई. चोरी न्हाई हुत हितं." मामा कपाळ चोळत राहिले. मग म्हणाले, "मीच काडून कुटंतरी ठिवली आसंल. वय झालं. ध्यानात न्हाई."

मी तिथेच होतो. तोंड माझ्याजवळच होतं.

परतताना गाडीत संग्राहक म्हणाला, "बिचाऱ्यांना विसरायला होतं वाटतं." मी "हं" म्हणालो. एवढं छोटं उत्तर लेखात कधी जमलं नाही.

२६ फेब्रुवारी
मामींचा फोन. मामा बाटली शोधतायत. धान्याची कोठी उपसली, पाट्याखाली बघितलं, गोठ्यात कडबा हलवला. "बाळासाहेब, रात्रीचं उठून इचारत्यात, मी कारखान्यात कुणाला दिली का गं? आवो, कारखाना सुटून किती वरसं झाली!"
मी म्हटलं, "सापडेल, मामी."
काय सापडेल? खिडकीत पानं फुटलीत तिला.

२ मार्च
या आठवड्याचं सदर छापून आलं. बागेतला बाक उचलून घरी नेणाऱ्या नगरसेवकावर. 'सार्वजनिक बाकावर खाजगी बूड.' दिवसभर फोन. एक निवृत्त प्राचार्य म्हणाले, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून समाजाला धाक आहे.

गंमत अशी की मला काहीच होत नाही. गाडी पंक्चर नाही, पोट बिघडलं नाही, लेख साभार परत नाही. शिंगणापुरात चोरी करणाऱ्याला शनी सोडत नाही म्हणतात, त्यावर मी ऐन उमेदीत एक खुसखुशीत लेख लिहिला होता. आता वाटतं, निदान दाढ तरी दुखावी. शिक्षा चुकीच्या पत्त्यावर गेली. मामांकडे.

८ मार्च, रविवार
मनीषा पुण्याहून आली. मामांना नगरला आणलं, डॉक्टरकडे, डोकं तपासायला. मलाही बोलावलं, "दादा, तू बरोबर असलास की बाबा ऐकतात."

डॉक्टर तरुण, हसरा. आज वार कोणता? रविवार. पंतप्रधान कोण? मामांनी नाव सांगून वर मतही सांगितलं. शंभरातून सात सात वजा करा. मामा असे घसरत खाली आले की डॉक्टरलाच बोटं मोजावी लागली. घड्याळ काढा. काढलं, वर किल्ली द्यायचा कानही काढला.

"आजोबा, तुमची मेमरी माझ्यापेक्षा चांगली आहे."
मामा हसले नाहीत. "ते खरं, डाक्टर. पर बाटली कुटं गेली ते सांगता येईना ना. वार सांगून काय करू?"

मनीषानं डोळे पुसले. मी भिंतीवरचा मेंदूचा तक्ता वाचत होतो. मेंदूचा कुठला भाग कशासाठी, रंग देऊन दाखवलंय. गप्प बसण्याचा भाग दाखवलेला नाही.

बाहेर मामा मला म्हणाले, "भाच्या, तुज्या लक्षात हाय का रं, तू फोटू काडलं तवा ती हुती ना?"
"होती, मामा."
"मंग नंतरच गेली. म्हंजी लईच अलीकडचं इसरायला लागलोय."

हे मी काय केलं. खरं बोललो तेवढं एकच वाक्य, आणि त्यानंच

१४ मार्च, शनिवार
ठरलं. पाडवा झाला की मामा-मामी पुण्याला. मनीषाच्या फ्लॅटमध्ये. मामांनी भांडण केलं नाही. मनीषा म्हणते त्याचीच भीती वाटते. पूर्वी 'पुणे' म्हटलं की ताट सरकवायचे.

फोनवर मामांशी बोललो. आवाज बारीक. "उद्या ग्यास चालू ठिवून इसरलो तर? तुजी मामी भाजंल. त्यापेक्षा गेल्यालं बरं." मग म्हणाले, "उरल्याल्या बाटल्या तू घिऊन जा. आंद्रेच्या हायेत, कुणी जाणत्यानं ठिवाव्यात. तुज्या घराला दार हाय."

फोन ठेवल्यावर बराच वेळ आमच्या दाराकडे बघत बसलो. कडी, वरची बोल्ट, लॅच, साखळी, बाहेर लोखंडी जाळी. आत चोर.

१७ मार्च
शब्द तपासतो आहे. वाक्यं पाडतो आहे. 'मामा, एक गंमत झाली.' खोडलं. 'मामा, त्या दिवशी घाईत.' घाई नव्हती. 'नमुना म्हणून.' थू. या वहीत 'वस्तू' लिहीत होतो. बाटली. बाटली होती ती. चोरली. सोड्यात घालून प्यायलो. आवडलीसुद्धा नाही.

नवी विकत आणून खड्ड्यात ठेवता येईल का, हाही विचार झाला. चौकशी केली. तसली नगरमध्ये मिळत नाही, पुण्यातही नाही. बरं झालं. ठेवली असती मी.

१८ मार्च
संध्याकाळी मनीप्लँट काढून काचेच्या ग्लासात लावला. शैला भाजी निवडत होती.
"ती बाटली कुठं चाललीय?"
सांगितलं. सगळं. ती मेथी निवडत राहिली, फक्त देठं पानांत जायला लागली.

जुडी संपल्यावर म्हणाली, "म्हणजे मामांचं डोकं ठीक आहे."
"हो."
"आणि तू डॉक्टरकडे बरोबर गेला होतास."
"हो."
"उद्या सकाळी जा. त्यांना कळू दे की ते विसरले नव्हते. आणि एक कर, माफी मागताना विनोद करू नकोस." मग दारातून परत वळून, "यावर सदरही लिहू नकोस."

मनात पहिलं वाक्य तयार होतं. तिला ओळखू आलं.

१९ मार्च, पाडवा
मामांच्या अंगणाबाहेर, गाडीत बसून लिहितो. मांडीवर वही, शेजारच्या सीटवर पिशवी, पिशवीत रिकामी बाटली. किल्ला, सेलोटेप.

मामा गुढी उभारतायत. काठीला साडी, कडुलिंब, गाठी, वर तांब्या. मामी खालून सूचना देतायत, "वाकडी हाय. आता लईच सरळ केली." ओट्यावर दोन सुटकेसी बांधून तयार. शेजारचा म्हातारा बघायला आलाय, मामा त्याला म्हणाले, "परवा चाललो. ध्यान ठीव." म्हातारा म्हणाला, "कशावर? हाय तसंच ऱ्हाईल की."

इथून दिसतंय, गुढी सरळ आहे. पंचांगातला मुहूर्त मामांनी मामींना तोंडपाठ सांगितला.

सांगितल्यावर काय होईल माहीत नाही. मामा थांबतील की जातील? छत होईल की नाही, संग्राहक परत येईल की नाही. मामा माझ्याशी बोलतील का, तेही नाही माहीत. एवढंच माहीत आहे की ते खाली जाऊन खड्ड्यावर पुन्हा हात ठेवतील.

त्यांनी पाहिलं मला. हात केला. "आरं भाच्या! सणाचा भाईर काय बसलास? आत ये!"

आत गेले, पडदा बाजूला धरून उभे आहेत. माझ्यासाठी.

दार असतं तर वाजवायला तरी थोडा वेळ लागला असता.